कापूर डाव्या हातावर

माझ्या दोन्ही तळहातांवर भाजल्याचे डाग आहेत. उजव्या हातावरचा मोठा आहे, आणि तो पडत होता तेव्हा मी शेजारणीशी गप्पा मारत होते. डाव्या हातावरचा लहान आहे. तो मी स्वतः पाडून घेतला, सगळ्या कोळीवाड्यासमोर, देवीच्या पालखीपुढे. कुणी विचारलं की मी डावा हात आधी दाखवते.

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. आमचा कोळीवाडा थळच्या बाजूला. नवरा होडीवर जायचा आणि मी पाटी डोक्यावर घेऊन अलिबागच्या बाजारात. माझा आवाज असा होता की मी बाजाराच्या या टोकाला हाक दिली की त्या टोकाची बाई पिशवी शोधायला लागायची. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात, माझे तर बोंबील होते. आणि भांडायची म्हणाल तर मला कुणी शिकवायची गरज नव्हती. गिऱ्हाईक भाव पाडून मागणार, मी तिच्या सात पिढ्या काढणार, ती पुढे जाणार, मी परत बोलावणार, ती येणार. हे झाल्याशिवाय मासळी विकली असं वाटायचंच नाही. घरी सासू आणि मी, विहिरीवर शेजारीण आणि मी, सगळीकडे तेच. आमच्यात दोन बायका भांडत नसतील तर समजावं, त्यांच्यात काहीतरी बिघडलंय.

थंडीचे दिवस होते, बोंबील भरपूर लागले होते. होड्या आल्या की आम्ही बायका कमरेएवढ्या पाण्यात शिरून भरलेल्या पाट्या बाहेर आणायचो. त्या सकाळी माझ्या डोक्यावर ओली पाटी होती, पाणी मानेवरून गळत होतं, आणि मागून कुणीतरी मला हाक मारली. डोक्यावर भार असताना मान वळवायची नसते, सगळं अंग वळवायचं असतं, हे आमच्याकडे लहान पोरीलाही माहीत. पण तेवढ्यात लाट आली, पाय सरकला, आणि मान एकटीच वळली. मागे काहीतरी तुटल्यासारखं दुखलं. मी शिवी हासडली आणि चालायला लागले.

बाजारात जाऊन बसले आणि उचकी लागली. पाणी प्यायले तर ते नाकातून बाहेर आलं. शेजारची बाई हसली, मीही हसले. मग सगळा बाजार गरगर फिरायला लागला, माणसं, पाट्या, समोरचं पिंपळाचं झाड, सगळं. उठायला गेले तर डाव्या अंगाला कोसळले, ती तिच्या सुक्या जवळ्याच्या ढिगावर. हाक मारायला तोंड उघडलं तर आतून नुसती खरखर आली.

सरकारी दवाखान्यात मी बरेच दिवस होते. डॉक्टर मुंबईकडचे होते, सावकाश बोलायचे. त्यांनी माझ्या उजव्या पायाला कापूस लावला, विचारलं, कळतंय का? म्हटलं कळतंय. मग सुई टोचली, कळतंय का? म्हटलं, तुम्ही बोट लावलंत. त्यांनी सुई दाखवली. टोकावर रक्ताचा थेंब होता. माझंच रक्त, आणि मला काही पत्ताच नाही. डाव्या पायाला टोचली तेव्हा मी अशी ओरडले, म्हणजे त्या खरखरीत आवाजात जेवढं ओरडता येईल तेवढं, की डॉक्टर समाधानाने हसले. मला त्यांचा राग आला. अजून येतो.

त्यांनी समजावून सांगितलं. फळाला जसं देठ, तसं मेंदूला देठ असतं. तिथली रक्ताची बारीक वाट बंद पडली. मानेला हिसका बसला त्याने तसं झालं असेल, म्हणाले. वाटा तिथे एकमेकींना ओलांडून जातात, म्हणून डावा चेहरा आणि उजवं अंग, असं उलटसुलट गेलंय. स्पर्श कळेल, पण ऊन, थंड आणि दुखणं कळणार नाही.

"म्हणजे चांगलंच की," मी म्हटलं. "अर्ध्या अंगाला दुखणार नाही."

"बाई," ते म्हणाले, "दुखणं म्हणजे घराचा राखणदार. तुमच्या अर्ध्या घराचा राखणदार पळालाय. आता चोर आला तर तुम्हालाच डोळ्यांनी बघावं लागेल. दुखत नाही म्हणजे भाजत नाही, असं समजू नका."

मी मान डोलावली. ऐकलं कुठे? भाजून घेतल्यावर ऐकलं.

घरी आले ती एका हाताने भिंत धरून, डावीकडे कलंडत, डावी पापणी अर्धी मिटलेली, आवाज घोगरा. सासूने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. पहिल्या दिवशी आंघोळीला बसले तेव्हा कळलं की मी आता दोन बायका आहे. एकच तांब्या अंगावर ओतला तर डावीकडची बाई म्हणे चटका बसला, आणि उजवीकडची म्हणे नुसतं ओलं झालं. समुद्रात उतरले तर डावा पाय थंडीने आखडला, उजव्याला वाळू कळली, लाटेचा जोर कळला, थंडी नाही. मी तिथे उभी राहून खूप रडले. लहानपणापासून त्या पाण्यात होते मी, आणि ते आता मला अर्धंच भेटत होतं.

पण रडून झालं की माणसाला भूक लागते. मी पुन्हा चुलीपाशी बसायला लागले. भाकरी थापता येत होती, हाताला पीठ कळत होतं. आवाज येत नाही तर नाही, पाटी डोक्यावर घेता येत नाही तर कमरेवर घेईन, असं मनात चाललं होतं. पावसाआधी बाजारात माझ्या जागेवर जाऊन बसायचं, एवढंच मी ठरवलं होतं. दुसरं काही नको होतं मला.

आणि मग तो निखारा. शेजारीण दारात येऊन बसली होती, सुके सोडे यंदा काय भावाने गेले ते सांगत होती. चुलीतून एक निखारा उडून बाहेर, जाळ्याच्या गुंडाळीजवळ पडला. आमच्याकडे असा निखारा बायका हातानेच उचलतात, पटकन, फेकल्यासारखा चुलीत टाकतात. मीही उचलला. पण पटकन टाकायला सांगतं ते काय, तर दुखणं. ते नव्हतं. मला एखादा गोल खडा हातात असावा तसं वाटलं, आणि मी बोलतच राहिले. थोड्या वेळाने वास आला. मी म्हटलं, "कोन बोंबील भाजतंय गो?"

शेजारीण माझ्या हाताकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला. मी खाली बघितलं, निखारा टाकला, हाताचं मांस चिकटून त्याच्याबरोबर गेलं. माझ्या तोंडून आवाजही नाही निघाला, दुखलंच नाही तर काय निघणार. आणि ती बाई, जी विहिरीवर माझ्या आधी घागर बुडवण्यासाठी माझ्या झिंज्या ओढायला कमी करत नसे, ती जमिनीवर डोकं टेकून म्हणाली, "आय, माझं चुकलं."

आता तुम्हीच सांगा. आवाज बदललेला, डोळा अर्धा मिटलेला, चालताना अंग डुलतंय, आणि हातात निखारा धरला तरी तोंडातून हूं की चूं नाही. आमच्या कोळीवाड्यात हे बघून कुणाला मेंदूचं देठ आठवेल? अंगात देवी आली की माणूस असंच दिसतं, हे सगळ्यांनी दर चैत्रात बघितलेलं. डॉक्टरांनी आजाराच्या म्हणून जेवढ्या खुणा सांगितल्या, त्या सगळ्या आमच्याकडे देवीच्या निघाल्या.

संध्याकाळपर्यंत भगत आला, गावदेवीचा. म्हातारा, वाईट माणूस नव्हता. त्याने देवळात कौल लावला, फूल उजवीकडून पडलं. झालं. सासूने पुढच्या खोलीत पाट मांडला. मी ओरडून सांगितलं की माझा हात मेलाय, देवी-बिवी काही नाही. पण ओरडणार तरी कोणत्या आवाजात? तो घोगरा आवाज ऐकून बायका अजून वाकल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते माझ्याबाबतीत अक्षरशः खरं झालं.

पहिले दोन-चार दिवस बरं वाटलं, हेही सांगते. नारळ येत होते, तांदूळ येत होते, ज्या बायका मला बाजारात जागेवरून ढकलायच्या त्या माझ्या पायावर डोकं ठेवत होत्या. कुणाला नाही आवडणार? पण मग लक्षात आलं की माझ्याशी कुणी भांडत नाही. विहिरीवर गेले की सगळ्या बाजूला सरतात. सासू, जिने लग्नापासून माझ्या आमटीला एकदाही बरं म्हटलं नव्हतं, ती खारट आमटी मुकाट जेवली आणि मला "आय" म्हणाली. माझी सासू. मला. ताटावरून उठले मी.

रात्री नवऱ्याला म्हटलं, हे थांबव. तो कमी बोलणारा माणूस. जाळं विणत होता, हात थांबला त्याचा.

"तुना पाटी उचलवनार न्हाय आता," तो म्हणाला. "मी बघतंय ना, तू भिंत धरून चालतंस. लोक मान देतात तर घे. बसून खा. मना तुझी काळजी वाटते गो."

तो हे प्रेमाने बोलत होता, म्हणून जास्त लागलं. बसून खा. जिने आयुष्यभर बाजार गाजवला तिला म्हणे बसून खा. मी म्हटलं, "मेलेल्या हाताची पूजा करून घेऊन खाऊ? त्यापेक्षा समुद्रात ढकल मना." तो पुन्हा जाळं विणायला लागला. त्यालाही अर्धं अर्धं खरंच वाटत असावं, की बायकोच्या अंगात काहीतरी आलंय. माझ्या डाव्या डोळ्याकडे तो बघायचं टाळायचा.

एका मंगळवारी एक तरुण बाई आली, पलीकडच्या वाडीतली, कडेवर तान्हं पोर. तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आय, हात फिरव." मी उजव्या हाताची पट्टीबाहेरची बोटं त्याच्या कपाळावर ठेवली, लोकांना तोच हात हवा असायचा, जळालेला. मऊ कपाळ, घामाचा ओलावा, बारीक केस, सगळं कळलं. वाटलं, पोर बरं आहे, रडून दमलंय. मग का कोण जाणे मी डावा हात लावला, आणि तो मागे ओढला. पोर तव्यासारखं तापलं होतं.

मी पोर आईच्या हातात दिलं. म्हटलं, "याला दवाखान्यात ने. आत्ता." ती म्हणाली, "तुझा हात लागला ना आय, आता काय करायचा दवाखाना?" आणि ती निघाली घरी, शांतपणे, अंगारा पदराला बांधून. मी उठले, भिंत न धरता, दोनदा पडले, आणि अंगणात तिचा पदर धरला. मला जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या. तिला वाटलं देवी कोपली, म्हणून ती घाबरून गाडीत बसली. माझ्या नवऱ्यानेच बैलगाडी जुंपली. पोर वाचलं. डॉक्टर म्हणाले, आजची संध्याकाळ काढली नसती त्याने.

आणि कोळीवाडा काय म्हणाला? देवीने वाचवलं. पालथ्या घड्यावर पाणी. आता तर शंकाच उरली नाही कुणाला. चैत्राची पालखी जवळ आली होती, पंचांनी ठरवलं की यंदा पालखीपुढे मला पाटावर बसवायचं आणि तळहातावर कापूर पेटवायचा. पूर्वी एक म्हातारी तसं करायची, ती मेल्यापासून मान रिकामा होता. एकदा कापूर धरला की मी कायमची आय झाले असते, मग पाटी नाही, बाजार नाही, मरेपर्यंत तो पाट. आणि पुढच्या वेळी कुणी पोर आणून मांडीवर ठेवेल, आणि मी चुकून उजवाच हात लावीन. या विचाराने मला झोप येईना.

उजव्या हाताची जखम चिघळली होती. डॉक्टरांनी पट्टी बदलताना सांगितलं, अजून एकदा भाजला तर बोटं काढावी लागतील. मी सासूला सांगितलं. ती म्हणाली, "आय सांभालील." नाही जाणार म्हटलं, तर म्हणाली, तू नको म्हणतंस ती तू न्हाय, तुझ्या अंगातला आजार बोलतो. म्हणजे माझं होही देवीचं आणि माझं नाहीही माझं नाही. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, पण माझं तोंडच माझ्याकडून काढून घेतलं होतं त्यांनी.

तेव्हा मी गप्प बसले. आणि विचार केला, यांना माझं बोलणं कळत नाही ना, मग यांना कळेल तेच करते.

पालखीच्या संध्याकाळी मी नवी नऊवारी नेसले. भगताने कपाळाला मळवट भरला. ढोल वाजत होते, सगळा कोळीवाडा देवळापुढे जमला होता, ते वाचलेलं पोरही आईच्या कडेवर होतं. मी डुलत डुलत पाटावर जाऊन बसले. भगत तबक घेऊन पुढे आला. त्याने माझ्या उजव्या हाताची पट्टी सोडायला हात पुढे केला.

मी उजवा हात पाठीमागे घेतला आणि डावा पुढे केला.

तो गोंधळला. म्हणाला, "आय, ह्यो न्हाय, तो."

"देवी आलीय ना?" मी म्हटलं. "मग देवीला डावं-उजवं काय? ठेव."

ढोल थांबले. त्याने पंचांकडे बघितलं, मग माझ्या डाव्या तळहातावर कापराची वडी ठेवली आणि पेटवली. मी दात आवळले नाहीत. ठरवलंच होतं, काही लपवायचं नाही. आग कातडीला लागली आणि मी बोंब मारली, आयुष्यात मारली नव्हती अशी. घोगरा तर घोगरा, पण तो आवाज पार होड्यांपर्यंत गेला असेल. कापूर झटकला, हात तोंडात घातला, उडी मारून उठले, पडले, आणि पडल्या पडल्या भगताच्या, पंचांच्या आणि कापूर विकणाऱ्याच्या आईबापांचा उद्धार केला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. देवी ज्याच्या अंगात असते त्याला भाजत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मला भाजलं होतं. सगळ्यांनी बघितलं.

मग मागून कुठलीतरी पोरगी फिसकन हसली. मग अजून एक. भगत खाली बसला, तबक बाजूला ठेवलं, आणि हळूच म्हणाला, "पोरी, आधी का न्हाय सांगितलंस?" मी म्हटलं, "पयल्या दिवसापासून सांगतंय." त्याने स्वतःच्या उपरण्याने माझा मळवट पुसला.

घरी सासू खोबरेल तेल घेऊन आली. माझा डावा हात मांडीवर घेऊन ती तेल लावत होती, मी आई गं आई गं करत होते. तिने मान वर न करता विचारलं, "लय दुखतंय?" माझा आजार सुरू झाल्यापासून हे मला तिने पहिल्यांदा विचारलं. म्हटलं, "व्हय. लय दुखतंय." ती रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "आनि काल आमटीत मीठ किती घातलंस ते?" मी तिच्या गळ्यात पडले.

पाऊस लागायच्या आधी मी बाजारात गेले. पाटी कमरेवर, अर्धीच भरलेली, नवरा निम्म्या वाटेपर्यंत मागून चालत आला, सांगूनही ऐकेना. माझ्या जागेवर दुसरीच बाई बसली होती. तिला उठवायला वेळ लागला, पण उठवलं. तोवर डॉक्टरांचं म्हणणं अंगवळणी पडलं होतं. दगडावर बसण्याआधी डाव्या हाताने बघायचं, दगड तापलाय का. पायाला कालवाच्या शिंपल्याने कापलंय का ते रोज संध्याकाळी दिव्यापाशी बघायचं. मासळी साफ करताना नजर सुरीवरून हलवायची नाही. राखणदार पळाला तर पळाला, मी स्वतःच पहारा द्यायला लागले. आजपर्यंत देते आहे, आणि दहाची दहा बोटं माझ्या हातावर आहेत.

सकाळभर बायका लांबून बघत होत्या. बातमी अलिबागपर्यंत पोचली होती, पण कुठली बातमी कुणापर्यंत, देवाला माहीत. दोघीजणी आल्या, भाव न विचारता बोंबील घेतले, नमस्कार करून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा हात भाजून घेतला तो याच्यासाठी का, असं वाटलं.

मग माझं जुनं गिऱ्हाईक आलं, वरच्या आळीतली एक विधवा म्हातारी, तोंडाची फटकळ. तिने एक बोंबील उचलला, वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाली, "शिळे आहेत."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"बघतेस काय? कालचे आहेत. निम्म्या भावात देणार असशील तर दे, नाहीतर मांजराला घाल."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. उजव्या गालावर ते ऊन लागलं, डाव्या गालावर नुसतं ओलं. तिला वाटलं भाव पाडला म्हणून रडतेय. तिचा चेहरा उतरला, ती कनवटीला हात घालत म्हणाली, "बरं बाई, राहू दे. तू म्हणशील तो भाव."

मी तिचा हात धरला, डाव्या हाताने, पट्टीसकट. दुखलं.

"तसं न्हाय," मी म्हटलं. "भांड माझ्याशी. अजून भांड."